धुतलेलं ताट

उकळत्या पाण्याचं चौथं पातेलं सिंकमध्ये ओतून शिवकांता दोन पावलं मागं सरली. वाफ विरली. पाणी जाळीभोवती एकदा फिरलं, खाली चाललंय असं वाटलं, आणि मग निवांतपणे काठाकडं चढायला लागलं. वर हळदीचा तवंग होता आणि कढीपत्त्याची दोन पानं तरंगत होती.

"गेलं का गं?" शेजारच्या परसातून शांताक्कानं विचारलं. भिंतीवरून तिची नुसती मान दिसत होती.

"कुठलं जातंय. उलट वर आलं."

"सोडा टाकलास?"

"सोडा झाला, लिंबू झालं. नुसतं फसफसतंय आन् गप बसतंय."

"मग मीठ टाकून बघ मूठभर. माझ्या भाचीनं मोबाईलवर बघून टाकलं हुतं. तासात सुटलं म्हणं."

शिवकांतानं मीठही टाकलं. सास्तूर गावात कुणाला दुखणं लागलं की गल्लीभर वैद्य तयार होतात. सिंकच्या वाट्यालाही तेच आलं होतं. कुणी तार घालायला सांगितली, कुणी सायकलच्या पंपानं हवा मारायला. लोहाऱ्याच्या बाजारातून रबरी पंप आणून तिनं तोही दाबून पाहिला होता. पाकिटातली ती झोंबणारी पावडर टाकली त्या दिवशी तर खोकून खोकून घराबाहेर बसायची पाळी आली. प्रत्येक उपायानं सिंक दोन दिवस सुधारायचं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तुंबून बसायचं.

हे सिंक तिला सहजासहजी मिळालेलं नव्हतं. बावीस वर्षं मोरीपुढं उकिडवं बसून भांडी घासल्यावर, कंबर धरून उठायची वेळ आल्यावर ते घरात आलं. नवरा उमाशंकर धाराशिवला पाटबंधारे खात्यात कारकून. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहिल्या एसटीनं जायचा. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी तो स्टीलचं सिंक मांडीवर घेऊन एसटीतून आला, लेकरू आणावं तसं, आणि वाटभर लोकांनी त्याला प्रश्न विचारून बेजार केलं. तेव्हापासून शिवकांतानं त्या सिंकची बडदास्त जावयासारखी ठेवली होती. रोज लिंबाच्या सालीनं घासायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं, आठवड्याला एकदा कढत पाणी सोडायचं. तेलकट कढई आधी कागदानं पुसून मगच आत जायची. चहाचा चोथा जास्वंदीच्या मुळाशी. भाताचं एक शीत जाळीखाली गेलेलं तिला आठवत नव्हतं.

आणि जाणार तरी कुठून? त्या घरात ताटात काही उरतच नसे. घर लिंगायताचं. ताटात वाढलं की ते नुसतं अन्न राहत नाही, प्रसाद होतो, आणि प्रसाद टाकत नाहीत. जेवण झालं की ताटात पाणी घ्यायचं, बोटांनी ताट निपटायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. शिवकांताच्या माहेरी हे होतंच, पण जरा सैल कारभार होता. सासरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी रडून रडून घास उतरेना म्हणून तिनं अर्धी भाकरी ताटात ठेवली. सासरे बंडप्पा समोर येऊन बसले. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. "ताटात आलंय ते सोडायचं न्हाय," एवढं म्हणाले आणि तिची भाकरी संपेपर्यंत पंचांग वाचत बसून राहिले. त्या दिवसानंतर तिच्या ताटात कण राहिला नाही.

"मोरीच बरी हुती," स्वयंपाकघराच्या दारात बसलेले बंडप्पा आता म्हणाले. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. वय अठ्ठ्याहत्तर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. गावातलं कापडाचं दुकान बायको गेल्यावर त्यांनी बंद केलं होतं. "मोरीतलं पाणी डोळ्यांम्होरनं जायचं. ह्येच्या पोटात काय चाललंय कळतंय का?"

"पण टाकतंय कोण, अप्पा? काय बी टाकत न्हाय तर ही तऱ्हा."

अप्पांनी सदऱ्याची बाही वर सारली. ती पुन्हा घसरून मनगटावर आली.

तो सदरा शिवकांतानंच दोनदा आत घेतला होता. पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र होतं आणि गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं तिच्या डोळ्यांत होती. अप्पांच्या सदऱ्याला गौरीच्या वेळी तिनं दोन्ही बाजूंनी बोटभर कापड दाबलं, दसऱ्याला आणखी बोटभर. वय झालं की माणूस आटतंच, असं तिनं मनाशी म्हटलं. काळजी करायचं कारण नव्हतं, कारण अप्पांचं जेवण ठणठणीत होतं. पूर्वी ती वाढायला वाकली की ते ताटावर हात आडवा धरायचे आणि "साकु" म्हणायचे. पुरे म्हणायला त्यांच्या तोंडात कायम कन्नडच यायचं. हल्ली ते साकु म्हणेनासे झाले होते. वाढेल तेवढं घेत होते आणि ताट लख्ख करून देत होते. म्हणून तिनं दसऱ्यापासून अर्धी भाकरी वाढवली, वर चमचाभर तूप.

त्यातही कौतुकाची गोष्ट म्हणजे अप्पा आता आपलं ताट आपणच सिंकपाशी नेऊन विसळत होते. "तू तुझं शिवण बघ," म्हणायचे. "दिवाळीचे कपडे लोक मागत्याल. माझं मी बघतो." शिवकांतानं हे शांताक्काला सांगितलं, शांताक्कानं गल्लीला सांगितलं. बाई यंत्रावर बसून खडखड पाय मारतेय आणि सासरा आत ताट धुतोय, असं भाग्य कितीजणींना मिळतं?

फोनवर उमाशंकर विचारायचा, "अप्पा जेवतात ना?"

"दोन-दोन भाकरी."

"मग झालं तर," तो म्हणायचा. कचेरीत तो हे अभिमानानं सांगत असे, हे तिला ठाऊक होतं.

धनाजी प्लंबर लोहाऱ्याचा. 'उद्या येतो' हे त्याचं आडनावच असावं असं लोक म्हणत. पाचव्या उद्याला तो मोटारसायकलवरून आला, चपला दारात काढल्या आणि ओट्याखाली आडवा झाला.

"सोडा, पावडर, पंप, समदं वरूनच चाललंय तुमचं," तो आतून म्हणाला. "ह्ये खालचं उघडून बघितलं का कुणी?"

सिंकच्या बुडाला वाडग्याएवढा प्लास्टिकचा एक भाग आटे फिरवून बसवलेला होता. धनाजी त्याला बाटली म्हणत होता. "जड समदं हितं येऊन बसतंय, वैनी. महिन्याला येकदा खाली बादली धरायची, ही फिरवून काढायची, धुवायची, परत लावायची. मला बोलवायची गरजच न्हाय." गरज नाही हे सांगायला त्यानं पाच दिवस लावले होते.

अप्पा दारातच होते. शिवकांतानं बादली सरकवली. धनाजीनं फडकं धरून जोर लावला, बाटली करकरली, आणि आधी काळसर पाणी आणि मग एक पांढरट, राखाडी गोळा थपकन बादलीत पडला. आंबूस वास स्वयंपाकघरभर झाला.

धनाजी बाहेर सरकून उठून बसला. "वैनी, पीठ मळून टाकता काय सिंकात?"

"पीठ कोण टाकंल रे?"

त्यानं पान्याच्या टोकानं गोळा फोडला. आतून आणखी चिकट लगदा निघाला, त्यात शेंगदाण्याचं कूट, डाळीचं साल, भाकरीचा न भिजलेला एक करपका कोपरा. "पीठ न्हाय. भाकर हाय ही. हातानं बारीक कुस्करल्याली." त्यानं आणखी उकरलं. दोन जाड पांढऱ्या गोळ्या निघाल्या, कडांना झिजलेल्या. "आन् ह्या गोळ्या."

"आमच्या घरात अन्न टाकत न्हायती, धनाजी," शिवकांता म्हणाली. तिला खरोखरच राग आला होता.

"त्येच म्हणतोय की म्या. तुमी ताट धुऊन पिणारी माणसं." तो टोमणा मारत नव्हता, खरोखर कोड्यात पडला होता. "खिडकी उघडी ऱ्हाती का? बाहेरनं कोण टाकतंय का काय?"

शिवकांता त्या गोळ्यांकडं बघत होती. हाडांसाठी म्हणून दिलेल्या त्या जाड गोळ्या घरात एकच माणूस घेत होतं. रोज जेवणानंतर ती स्वतः काढून त्यांच्या हातावर ठेवत होती.

तिनं मान वळवली. दारात कुणी नव्हतं. परसाचं दार मात्र नुकतंच कुणीतरी लोटल्यासारखं हलत होतं.

धनाजीनं बाटली धुऊन बसवली, नळ सोडला. पाणी गोल फिरून भराभर खाली गेलं. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते डोळ्यांसमोर झालं आणि तिला त्याचा काडीचा आनंद झाला नाही. चहा पीत धनाजी बराच वेळ बोलत राहिला: तेलकट काही नको, भाताची पेज नको, जाळी बारीक भोकाची घ्या, आणि ती पावडर पुन्हा आणू नका, पाइप खाऊन टाकते. ती व्हय व्हय म्हणत होती.

तो गेल्यावर ती यंत्रावर जाऊन बसली, पण पाय हलेना. मनातल्या मनात हिशेब लागत गेला. गौरीच्या आसपास सिंक पहिल्यांदा तुंबलं. दसऱ्याला तिनं अर्धी भाकरी वाढवली आणि सिंक आठवड्यातून दोनदा तुंबायला लागलं. ती इथं यंत्र चालवत होती आणि त्या खडखडाटात आत नळ वाहत होता. अप्पा जाळी उचलत होते, भाकरी पाण्यात कुस्करत होते, बोटानं खाली ढकलत होते, रोज, दोन्ही वेळेला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं झालं होतं. दोन महिने ती सिंकला औषध देत होती.

आधी तिला संताप आला. असं फसवायचं? मग तो संताप कुठं ठेवावा हे कळेना, आणि हातातल्या ब्लाऊजच्या बाहीत तोंड खुपसून ती थोडा वेळ रडली. कापड गिऱ्हाइकाचं होतं, म्हणून लगेच सावरली.

अप्पा परसात बाजेवर बसले होते. समोर शोषखड्ड्याच्या दगडांवर अळू माजलं होतं. ती जवळ जाऊन उभी राहिली. विचारायचं कसं हे तिला सुचत नव्हतं, पण त्यांनी तिच्याकडं बघितलं तेव्हा फार काही विचारायचं उरलं नाही.

"कवापासनं?"

"पंचमीपासनं," अप्पा म्हणाले. "पैलं भाकर अडकाय लागली. वर पाणी पेलं की जायची. मग पाणी बी वर याय लागलं."

"आन् आता?"

"सकाळी जरा बरं आस्तंय. पातळ काय आसंल तर जातंय, थोडं."

"मला सांगायचं न्हाय?"

"सांगून तू काय केलं आस्तंस?"

तिनं काय केलं असतं ते दोघांनाही माहीत होतं.

"लोहाऱ्याच्या डाक्टरकडं जाऊन आलो म्या," अप्पा म्हणाले. "मागल्या बाजारी, जीपनं. त्यानं चिठ्ठी दिली. सोलापूरला जावा, दुर्बीण घालून बघत्याल म्हणला."

"मग जायला पायजे, अप्पा. साधं बी आसंल काय तरी."

"आसंल." ते अळूकडं बघत होते. "तुझ्या सासूला बी पैलं दुर्बीणच घातली हुती."

चन्नम्माबाईंना सोलापूरला नेलं तेव्हा तीन महिने त्यांच्या उशाशी तीच होती. नाकातून नळी घातली होती. त्या नळीतून दूध, नळीतून वरणाचं पाणी, नळीतून औषध. बोलता येत नव्हतं. त्या सारखी नळी ओढून काढायच्या, पुन्हा घालताना बघवत नसे. शेवटी नर्स म्हणाली, हात बांधा रात्रीपुरते. पट्टी मऊ हवी म्हणून शिवकांतानं आपल्याच जुन्या साडीचा काठ फाडला आणि सासूचे हात पलंगाच्या दांडीला बांधले. चन्नम्माबाई तिच्याकडं बघत राहिल्या होत्या. सकाळी डबा घेऊन आलेल्या अप्पांनी त्या पट्ट्या पाहिल्या आणि ते डबा तसाच हातात धरून कितीतरी वेळ उभे राहिले. उमाशंकरला हे दोघांनीही कधी सांगितलं नव्हतं. तो आईसाठी धावत होता, रक्त मिळवत होता, मोठ्या डॉक्टरांना गाठत होता. त्यानं आईला वाचवायचा प्रयत्न केला, एवढंच त्याला आठवत होतं आणि तेवढ्यावर तो उभा होता.

"पाप व्हतंय ते कळतंय मला," अप्पा खालच्या आवाजात म्हणाले. "ताटात ठिवावं तर तुला कळंल. टाकावं तर पाप. रोज सकाळी पूजेला लिंग हातावर घेतलं की सांगतो, आज बी टाकणार हाय म्हणून. माफी मागत न्हाय. नुसतं सांगतो."

"अप्पा, ह्यांना सांगावं लागंल."

"दिवाळी होऊ दे."

"आन् मग?"

"मग बघू." त्यांनी बाही पुन्हा वर सारली. "उमा ऐकायचा न्हाय, शिवकांता. त्याच्या आईच्या येळी ऐकला न्हाय. लेक हाय त्यो. त्यानं ऐकू बी नये."

पुढचे तीन दिवस तिनं जे जे पातळ होईल ते केलं. ज्वारीची आंबील गाळून दिली, मुगाचं पाणी दिलं, दुधात बिस्कीट विरघळवून दिलं. अप्पा तिच्यासाठी म्हणून घेत. तीन-चार चमचे जात, मग मान वर होई, डोळ्यांत पाणी येई, एक हात हवेत धरून ते थांबत. ती पाठ चोळत उभी राही. घरात अन्न होतं, करायला हात होते, खाऊ घालायचं मन होतं, आणि मधली चार बोटांची वाट बंद होती. सिंकचं बूड फिरवून काढता येतं. इथं काय फिरवायचं? तिला इतकं लाचार कधीच वाटलं नव्हतं. सासूच्या वेळी निदान पळापळ करायला जागा होती.

गुरुवारी दुपारी तिनं मनाचा हिय्या केला. परसात रेंज यायची, तिथं जाऊन फोन लावला.

"बोल," उमाशंकर म्हणाला. मागं कुणाचा तरी हसण्याचा आवाज येत होता.

"अवं, एक सांगायचं हुतं."

"बोल की."

बाजेवर अप्पा डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते.

"सिंक नीट झालं."

"एवढंच व्हय? मला वाटलं काय झालं." तो हसला. "आता नीट वापरा म्हणावं. अप्पा जेवतात ना?"

"जेवतात," शिवकांता म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली.

शनिवारी उमाशंकर आला तो चिवड्याचे पोहे आणि नवी बारीक भोकाची जाळी घेऊन. आल्याबरोबर त्यानं सिंकचा नळ सोडून बघितला आणि समाधानानं मान हलवली. अप्पा लवकर झोपले होते. जेवले का, तर जेवले. रविवारी दुपारी मात्र त्यानं ऐकलं नाही. अप्पांना आधीच वाढलंय असं शिवकांता म्हणायला लागली, तर त्यानं स्वतःच दोन पाट मांडले.

"आठ दिवसांनी घरी येतोय. सोबत बसू."

अप्पा येऊन बसले. भस्माचे पट्टे कपाळावर सुकून पांढरे झाले होते. शिवकांतानं त्यांच्या ताटात आमटी आणि चतकोर भाकरी वाढली आणि टोपली पलीकडं ठेवली. उमाशंकरनं ते पाहिलं, टोपली ओढली, अख्खी भाकरी बापाच्या ताटात घातली आणि तूप सोडलं.

"त्यांना वाढताना हात आखडतोय का तुझा?" तो बायकोला चेष्टेनं म्हणाला. "अप्पा, लई वाळलाय तुमी. दोन खाता म्हणती ही, मग जातंय कुठं समदं?"

अप्पांनी तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तो बोटांत तसाच धरून ठेवला. लेकाच्या कचेरीतल्या गोष्टी ते मन लावून ऐकत होते. उमाशंकर जेवत होता, बोलत होता, आणि बोलता बोलता बापाच्या ताटावरची त्याची नजर हलत नव्हती. शिवकांता ओट्याशी उभी राहून उगाच एक भांडं पुसत होती. अप्पांनी तो तुकडा तोंडात घातला. चावला. पुन्हा चावला. गिळायची वेळ आली तेव्हा त्यांचा डावा हात पाटाची कड घट्ट धरून बसला होता.

तेवढ्यात उमाशंकरचा फोन वाजला. साहेबांचा होता. त्यानं आपल्या ताटात पाणी घेतलं, निपटलं, पिऊन टाकलं, आणि "आलो" म्हणून परसात गेला.

अप्पांनी घास खांद्यावरच्या पंच्याच्या टोकात काढून घेतला. खोकला दाबायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी परसाच्या दाराकडं पाहिलं, नंतर सिंककडं, आणि ताट उचलून उठायला लागले. ताट कललं. आमटी ताटाच्या काठाशी आली.

"बसा," शिवकांता म्हणाली. "द्या हिकडं."

"शिवकांता, तो यील."

तिनं ताट त्यांच्या हातातून घेतलं, आणि ते घेऊन कुठं जावं हे तिला कळेना. सिंकमध्ये टाकायला हात धजेना. परसात तो होता. म्हणून ती उमाशंकरच्या मोकळ्या पाटावर बसली, सासऱ्याच्या समोर, आणि त्यांचं ताट मांडीपुढं घेऊन खायला लागली. मोठे मोठे घास भराभर. डोक्यावरचा पदर सरकला तो तिनं तसाच राहू दिला. अप्पांनी एकदा हात पुढं केला, अडवायला की काय कोण जाणे, आणि मागं घेतला.

निम्मी भाकरी झाली असेल, तेव्हा परसाच्या दारात सावली पडली.

उमाशंकर फोन हातात धरून उभा होता. त्यानं ताट पाहिलं. बायकोचं भरलेलं तोंड पाहिलं. बापाच्या पंच्यातला तो ओला गोळा पाहिला. मग तो सदरा, खांद्यांवरून दोन्ही बाजूंनी ओघळलेला, जणू आत्ताच कुणी त्यांच्या अंगावर टाकला होता.

"ह्ये अप्पांचं ताट हाय," तो म्हणाला.

शिवकांताच्या तोंडात घास होता.

तो आत आला आणि दोघांच्या मध्ये जमिनीवरच बसला. पाट शोधला नाही. तो अप्पांच्या गळ्याकडं बघत राहिला.

"कवापासनं?" त्यानं विचारलं, आणि उत्तर यायच्या आतच हातानं नको म्हणून खूण केली.

"अप्पा, उद्या म्या रजा टाकतो," तो म्हणाला. "उद्या आपण..."

कुठं जायचं ते नाव त्याच्या ओठांपर्यंत आलेलं दोघांनाही दिसलं. ते बाहेर पडलं नाही. त्यानं ओठ मिटून घेतले. अप्पा त्याच्याकडं बघत होते, आणि त्यांच्या बघण्यात ना विनंती होती ना हट्ट. पस्तीस वर्षं दुकानात बसलेला माणूस गिऱ्हाईक परत जाताना बघतो तसं ते निवांत बघत होते.

उमाशंकरनं डोळे पुसले नाहीत. त्यानं हात लांब केला, शिवकांताच्या पुढ्यातल्या ताटातून भाकरीचा एक तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. तो त्याला उतरेना. तरी तो चावत राहिला. शिवकांतानं ताट थोडं त्याच्या बाजूला सरकवलं आणि दुसरा तुकडा मोडला.

अप्पांनी पाण्याचा तांब्या दोघांच्या मध्ये सरकवून ठेवला.

"सावकाश होऊ द्या," ते म्हणाले.